वहिनीचा डावा कान

३ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. आ.

तुला सिस्टर होऊन बावीस वर्षं झाली, तरी माझ्या तोंडी तुझं घरचंच नाव येतं. मठातल्या मदरनी रागावू नये. इकडे बरं आहे. आईचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र शाबूत आहे. चष्म्याच्या दुकानात नवं यंत्र घेतलंय, त्यात डोळा लावला की नंबर सांगतं. तुझ्या आश्रयघरातल्या बायकांना पाठव, फुकट तपासून देतो.

आता मुद्द्याचं. तुझी वहिनी गेल्या मंगळवारी न सांगता घरातून निघून गेली. थोडी कुरबूर झाली होती, पण ती कुणाच्या घरात होत नाही? ती माहेरी नाही, मैत्रिणीकडे नाही. शेजारच्या शिंपिणीने तिला तुमच्याकडच्या बसमध्ये चढताना पाहिलं म्हणे. तिथे आली असेल तर समजूत घाल आणि पाठवून दे. रविवारी चर्चमध्ये वाचनाला उभा राहिलो की पाठीमागे कुजबुज चालते. तुझ्यासाठी मी बाबांशी भांडलो होतो. तुझी ट्रंक स्वतःच्या खांद्यावरून मठाच्या दारात आणून ठेवली होती. विसरली नसशील.

उलट टपाली कळव. माया आहे तशी राहू दे.
तुझा दादा

९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आमच्या आश्रयघरात आत कोण आहे आणि कोण नाही, हे फाटकाबाहेर सांगायचं नाही असा नियम आहे. मग विचारणारा बिशप असो की सख्खा भाऊ. गेली सात वर्षं तो मीच सगळ्यांकडून पाळून घेते, तेव्हा आज मीच कसा मोडू? म्हणून तुझ्या प्रश्नाला उत्तर नाही.

ट्रंक विसरलेली नाही. वाटेत तू ती दोनदा खाली ठेवलीस आणि दोन्ही वेळा विचारलंस, परत फिरायचं का. इतक्या प्रेमाने मला कुणीच निरोप दिला नाही. म्हणूनच विचारते, थोडी कुरबूर म्हणजे किती रे?

आईच्या गुडघ्यांना शेक देत जा. राग नसावा.
तुझी चिमणी

१२ फेब्रुवारी

सिस्टर,

उत्तर नाही हेच उत्तर झालं. म्हणजे ती तिथेच आहे.

एक थप्पड मारली. हो, मारली. गिऱ्हाइकासमोर भिंगांचा ट्रे पाडला आणि वर मलाच उलट बोलली. जिने कधी संसार केला नाही, तिने मला संसार शिकवू नये. लोकांची घरं फोडायची आणि त्याला सेवा म्हणायचं, हा तुमचा धंदा आता कळला. तुमच्या मदरना आणि बिशपना लिहिलंय. आज्ञा पाळायचं व्रत घेतलंयस ना? आता बघू.

खाली आईनेही लिहिलंय, वाच.
दादा

चिमणे, दादा म्हणतो तसं कर. सुनेला परत पाठव. घराण्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. – आई

१६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीने लिहायला सांगितलं म्हणून लिहिते. ती इथे आहे. आमच्या डॉक्टर सिस्टरने तपासलं, डाव्या कानाचा पडदा फाटलाय. हे एका थपडेचं काम नाही, आत जुनी जखमही आहे. पहिले चार दिवस कुणी फाटक वाजवलं की ती मोरीत जाऊन आतून कडी लावायची.

संसार मी केला नाही, पण एकोणीस वर्षं संसाराच्या शेजारच्या खोलीत झोपले. बाबांचा हात उठायचा तेव्हा तू माझे कान झाकायचास. चौदाव्या वर्षी एकदा तू त्यांचं मनगट धरलंस. मी दादा म्हणते ते त्या मुलाला.

तुझं पत्र पोचलं. भांडण निवेपर्यंत मी दुसऱ्या मठात जावं असं मदर म्हणाल्या. मी नाही म्हटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. आईच्या ओळींतलं अक्षर तिचं आहे, शब्द तुझे आहेत. आईने जन्मात कधी प्रतिष्ठा हा शब्द उच्चारलेला नाही.

इकडे येऊ नकोस.
चिमणी

२२ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न.

अक्षर वाकडं आहे, उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. दादा गुरुवारी सकाळी चर्चमधल्या दोघांना घेऊन आला. आधी गोड बोलला. मी फाटकातून हलेना तेव्हा त्याने लोखंडी दार असं ढकललं की माझं मनगट मध्ये सापडलं. सोबतचे दोघे माना खाली घालून निघून गेले.

मी तक्रार दिली. नातं काय, असं चौकीतल्या साहेबांनी विचारलं. सख्खा भाऊ म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा विचार करा म्हणाले. तेव्हा मदर माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्यांनीच ते पेन उचलून साहेबांच्या हातात दिलं. दादाला पोलिसांनी संध्याकाळी नेलं, हे तुला माहीतच आहे.

माझ्या हाताला साक्षीदार आहेत, वहिनीच्या कानाला कुणी नाही. आई, त्या दिवशी तू स्वयंपाकघरात होतीस.

तुझी चिमणी

१ मार्च

चि. चिमणीस,

आशीर्वाद लिहिते, पण राग गेलेला नाही. माझ्या लेकाला तू कोठडीत बसवलंस. एकोणिसाव्या वर्षी देवाची हाक ऐकून गेलीस. मी शेजारच्या खोलीतून हाका मारत होते, त्या तुला ऐकू आल्या नाहीत. इतक्या परक्या बायकांना तू जागा दिलीस. बाबा होते तोवर आईला कधी विचारलंस, येतेस का म्हणून?

सोमवारी गुडघे धरत चौकीत गेले. साहेबांनी खुर्ची दिली. म्हटलं, लिहून घ्या. ट्रे वगैरे काही पडला नव्हता. दुकानात एका म्हाताऱ्या मास्तरांना माझ्या सुनेने, त्या पोरीने सांगितलं, तुमचा जुना चष्मा चांगला आहे, नवा नको. एवढाच तिचा गुन्हा. मास्तर गेल्यावर त्याने तिला दंड धरून दुकानातून आत स्वयंपाकघरात आणलं आणि माझ्यासमोर मारलं. मी भांडी घासत होते. आवाज कानावर येऊ नये म्हणून मी नळ मोठा सोडला. म्हटलं, हेही लिहा. साहेब म्हणाले, आजी, त्याची गरज नाही. मी म्हटलं, मला आहे. तुझ्या बाबांच्या वेळी शेजारीण असाच नळ सोडायची.

त्याला बेल मिळालेली नाही. रोज दुपारी त्याचा डबा घेऊन जाते. तो भिंतीकडे तोंड करून जेवतो. तरी जाते. तुला ते कळायचं नाही, आणि मी समजावतही बसणार नाही.

माझं कौतुक करणारं पत्र पाठवू नकोस, फाडून टाकीन. तारीख लागली की कोर्टात भेटू. तिथे माझ्याजवळ येऊन बसू नकोस. पोरीजवळ बस.

आई