नारळावर माझा हात नव्हता

६ जुलै १९९८
दामूने भर रस्त्यात मला गद्दार म्हटलं! रेशनचं दुकान त्याचं. घरटी चार लिटर रॉकेल येतं, हा दोन देतो, कार्डावर चार लिहितो. मी शहापूरला जाऊन पुरवठा साहेबाला सांगितलं. परवा साहेब येऊन दुकानाला सील ठोकून गेला. यात खोटं काय?
"गावचं गावात ठेवायचं ठरलेलं, वयनी. तू गाव इकलंस!" दामू.
वर गावकीचा हुकूम — आमच्या आवणीला, भात लावायला, कोणी यायचं नाय. सावड बंद. मी सगळ्यांच्या खाचरात वाकून रोप लावलं, आता माझ्या खाचरात कोणी नाय.

७ जुलै
घरवाला म्हणतो, दामूच्या पाया पड. म्हटलं, तुमी पडा, तुमचे गुडघे चांगले हायेत.
दोघांनी दिवसभर लावलं. एक खाचर पण पुरं नाय. आठ दिवसांत लागलं नाय तर रोप वाया. वर्षाचं भात गेलं!

९ जुलै
तो शब्द डोक्यातून जात नाय. तोंडात सगळ्यांच्या, अर्थ कोणाला ठाऊक नाय. शाळेतल्या गुरुजींना विचारलं. म्हणाले, "गद्दार म्हणजे देशद्रोही." म्हटलं, रॉकेलात देश कुठून आला? गुरुजी फळा पुसायला लागले.
प्रेमाला, माझ्या पोरीला सांगितलं — तुझ्या कॉलेजात मोठं पुस्तक असेल ना शब्दांचं, त्यातून उतरवून आण.

१० जुलै
आणलं! तिने वाचलं, मग मी वाचलं, अक्षराला अक्षर लावून. द्रोह जुना, संस्कृतातला — दुसऱ्याचं वाईट चिंतणं, त्याला इजा करणं. गद्दार लांबून आला, अरबी मुलखातून. तिकडे अर्थ, दिलेला शब्द मोडणारा.
म्हणजे आधी शब्द द्यावा लागतो!
मी कधी दिला? चैत्रात देवळात नारळावर हात ठेवून शपथ झाली, रॉकेलाचं बाहेर बोलायचं नाय. हात बाप्यांचे. बायांना गावकीत बसवतच नायत. आमी तेव्हा रॉकेलाच्याच रांगेत उभ्या होतो!

१२ जुलै, रविवार
गावकी बसली होती. चिखलाच्या पायांनी घुसले.
"वयनी, भायेर हो!" दामू.
"भायेर होते म्हणून तर आले. नारळावर माझा हात कोणी बघितला? सांगा!"
बाप्ये एकमेकांच्या हातांकडे बघायला लागले.
"शब्द दिलाच नाय तर मोडला कसा? या गावात एक पण बाई गद्दार होऊ शकत नाय. तुमीच तशी सोय करून ठेवलीत!"
बुधू आजा, गावकीतला सगळ्यात म्हातारा, हसायलाच लागला. "दामू, बरोबर बोलते रे ती."
दामू म्हणाला, "तिच्या घरवाल्याचा हात होता ना!"
घरवाला उठला. "मी साहेबाला काय पण बोललो नाय. मला घरात पण बोलाया मिळत नाय."
सगळं देऊळ हसलं. दामू नाय हसला.

१३ जुलै
उजाडताच शेजारची तानी बांधावर. मागे बाया — सतरा!
"वयनी, हुकूम गावकीचा. आमी कुठं होतो गावकीत?"
दामूची बायको पण आली. पदर खोचला आणि सगळ्यांच्या पुढे लावत गेली. एवढा भराभर हात मी कोणाचा बघितला नाय!

१४ जुलै
आवणी झाली. कंबर गेली. गेली तर गेली!

१९ जुलै
गावकीने ठरवलं, यापुढे बायांनी पण बसायचं, शपथ पण घ्यायची. आमाला बांधून घ्यायलाच बोलावलं, कळतं मला. बुधू आजाने नारळ पुढे केला. म्हटलं, आधी सांगा कशाची शपथ. "रॉकेल सगळ्यांसमोर मोजायचं." ठेवला हात.
आजपासून मी गद्दार होऊ शकते.