जिन्याखालचं उद्घाटन

५ ऑक्टोबर, रविवार. जळोची.

शेळगावला कौसल्याआत्याकडे जाऊन आलो. माझी सगळी शाळा तिच्या घरी राहून झाली. तिला मूलबाळ नाही, तेव्हा तिची जबाबदारी माझी. हे मी सगळीकडे सांगतो. जाणं मात्र गणपतीनंतर आजच झालं. दुकान असतं.

आत्याचे गुडघे गेले. जिना चढते कठड्याला धरून आणि उतरते बसून, एकेका पायरीवर घसरत. असं का करतेस म्हणालो, तर म्हणाली, मग काय उडत येऊ व्हय? संडास वर गच्चीवर. हे तात्यांचं काम, म्हणजे आत्याच्या मालकांचं. ज्या मजल्यावर देव्हारा, त्या मजल्यावर संडास नाही, हा त्यांचा कायदा. तात्या गेले. कायदा राहिला.

तिनं चहा केला आणि स्वतःला घेतलाच नाही. दुपारनंतर मी पानी बी पीत न्हाय म्हणाली, उगं वर जावं लागतं. ओठ पार सुकलेले. मला भडभडून आलं.

निश्चय: दिवाळीच्या आत खाली संडास. बजेटमध्ये. पैसे आत्याच्या डाळिंबाचे, डोकं माझं.

६ ऑक्टोबर, सोमवार.

ड्रॉइंग काढलं. जागा जिन्याखाली. भिंत आयती, छप्पर आयतं. याला प्लॅनिंग म्हणतात. रोहिणी म्हणाली, एखाद्या इंजिनियरला विचारा. बायको असून तिला कळत नाही की माझं ठिबकचं दुकान आहे, पाइप हाच माझा धंदा. त्यावर म्हणाली, ठिबकच्या पाइपातनं जातं ते वेगळं असतं. व्हिजन नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार. शेळगाव.

भूमिपूजन झालं. नारळ मीच फोडला. भीमा गवंडी टिकाव घेऊन उभा होता, तेवढ्यात आत्या आडवी आली. मालकांचा शब्द मोडायचा न्हाय म्हणाली. देव खाली, संडास खाली, जमायचं न्हाय.

भीमानं टिकाव खाली ठेवला. मला मात्र लगेच सुचलं. संडास खाली येतोय ना, मग देव वर न्यायचे. अदलाबदल! भीमाला पटलं. आत्या देव्हाऱ्याला हात जोडून बरं म्हणाली. देव्हारा मी स्वतः उचलून मधल्या मजल्यावरच्या खोलीत नेला. कंबर धरली.

ही युक्ती रोहिणीला सांगितली. तिनं विचारलं, मग आत्या रोज पूजेला कुठं जाणार? प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय. देवाला जाणं वेगळं. देवाला माणूस सवडीनं जातो.

१३ ऑक्टोबर, सोमवार.

भीमा आला नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.

आला नाही. फोन केला तर वाटेत हाय म्हणाला. त्याचं घर आत्याच्या घरापासून चौथं.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी.

भीमा आला, खड्डा खणला, दिवाळीची उचल घेऊन गेला. कमोड आणला. पांढरा महाग, आकाशी स्वस्त, म्हणून आकाशी. आत्याला पोत्यातून काढून दाखवला. म्हणाली, ह्याच्यावर बसायचं? पानी प्यायच्या माठापरीस चांगला हाय की ह्यो. पदरानं पुसला आणि त्याच्यापुढं पणती लावली. सणाचा दिवस म्हणून पणती राहू दिली.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा.

संडास झाला नाही. पण विचार केला तर दिवाळी तुळशीच्या लग्नापर्यंत असते. त्यामुळे मी अजून मुदतीत आहे.

३० ऑक्टोबर, गुरुवार. शेळगाव.

झाला! टाइल्स, नळ, दार, सगळं. आत पाऊल टाकलं आणि कपाळावर जिना आपटला. भीमा म्हणाला, उंची तुमच्या ड्रॉइंगपरमानं हाय. बरोबरच आहे. आत्याची उंची धरूनच मी ड्रॉइंग काढलं होतं. काढताना लक्षात नव्हतं एवढंच.

आत्या आत जाऊन उभी राहिली. भिंतीवरनं हात फिरवला, नळ सोडून बघितला. डोळ्यांत पाणी. लई ग्वाड केलंस बाबा म्हणाली. पदर खोचून म्हणाली, व्हा बाहीर, मी जाऊन येते.

मी थांब म्हणालो. असं कसं? उद्घाटन नको का?

कारण परवाच एका साखरपुड्यात मानसिंगराव भेटले होते. यंदा पतसंस्थेच्या पॅनेलमध्ये कुणाला घ्यायचं ते त्यांच्या हातात. मी आत्याच्या संडासाचं सहज बोललो, तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ज्येष्ठांची सेवा, फार मोठं काम करताय, बोलवा, येतो की. आता एवढा माणूस शब्द देतो म्हटल्यावर आपणही रीत पाळायला नको? वापरलेल्या संडासाचं उद्घाटन करायला लावणं म्हणजे साहेबांचा अपमान.

आत्या बरं म्हणाली आणि जिना चढली.

१ नोव्हेंबर, शनिवार.

उद्या कार्यक्रम. दाराला लाल साटिनची फीत बांधली, चांगल्यातली. शाल, श्रीफळ, फेटा तयार. शेजारची पोरं आत डोकावत होती, म्हणून कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे, जबाबदारी म्हणून.

फ्लेक्स चौकात लावला. मध्ये आत्याचा फोटो, वर साहेब, खाली मी. दुपारपासून फोन सुरू. आत्या कधी गेली, दहावा कधी. इंदापूरहून एक पाहुणे तर मोटरसायकलवर रडत आले. त्यांना पाणी आत्यानंच दिलं. तो माणूस घाबरला. आत्या म्हणाली, आधी काढ ते फळकूट, मी अजून हाय.

फ्लेक्स उतरवला. साहेबांचा फोटो कापून ठेवलाय.

२ नोव्हेंबर, रविवार. शेळगाव.

साहेब आले नाहीत. त्यांचा पी.ए. सूरज म्हणाला, साहेब माळेगावात अडकलेत, साखर कारखान्याच्या हंगामाच्या गडबडीत. पुढच्या आठवड्यात नक्की. पोह्यांचं पातेलं गल्लीत वाटलं.

निघताना आत्या म्हणाली, किल्ली ठेवून जातूस का? मी तिला समजावून सांगितलं. तिला समजलं. तुझं चांगलं हुणार आसंल तर थांबते मी, म्हणाली. एवढी वर्सं चढले, आणि चार दिस. अशी समजूतदार माणसं आता राहिली नाहीत.

५ नोव्हेंबर, बुधवार.

आचारसंहिता लागली. बारामती, इंदापूर, दोन्ही ठिकाणी नगरपरिषदेची निवडणूक. सूरज म्हणाला, आता साहेबांना फीत कापता येणार नाही, निकालानंतर बघू. रोहिणी म्हणाली, अहो, ती शहराला लागली, शेळगाव खेडं आहे, आणि हा घरातला संडास आहे. मी म्हणालो, कायद्याशी खेळ नको. उद्या कुणी फोटो काढून टाकला तर साहेबांची उमेदवारी संडासात जायची. रोहिणी उठून आत गेली. पटलं असावं.

९ नोव्हेंबर, रविवार.

आत्याचा फोन. आवाज खोल गेलेला. थंडीचं लई जावं लागतं बाबा, म्हणाली. सकाळचं पानी बी बंद केलंय. मी म्हणालो, पाणी बंद करू नको, तब्येतीला वाईट. तिला नियमित पाणी पिण्याचे फायदे सांगितले.

पुढच्या रविवारी जाऊन किल्ली द्यावी का? विचार करतोय. साहेबांना न सांगता एकदा-दोनदा वापरला तर कळणार कसं? पण मग तत्त्व राहत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.

आत्या पडली.

शेजारच्या प्रगतीचा फोन आला. आत्या संध्याकाळी वर गेली होती. वर जातेच हाय तर देवाला दिवा बी लावून येते म्हणाली. उतरताना एका हातात निरांजन, म्हणून कठडा धरता आला नाही आणि बसताही आलं नाही. तिथून थेट खाली. बंद दारापाशी सापडली.

प्रगती मला काय काय बोलली. ती म्हणाली, मी कवाच दगड घेऊन कुलूप फोडायला निघाले व्हते, आत्यांनीच हात धरला. आमच्या रवीचा साहेबापुढं कमीपणा हुईल म्हणाल्या.

१५ नोव्हेंबर, शनिवार. बारामती, हॉस्पिटल.

पायाचं हाड मोडलंय. मांडीपर्यंत प्लास्टर. दीड महिना पाय टेकायचा नाही, सगळं पलंगावरच. मी डॉक्टरांना विचारलं, खाली कमोडचा संडास आहे, अगदी जवळ, तिथं बसवलं तर? नाही म्हणाले. सोय चांगली केलीय, पण जरा आधी करायला हवी होती, असंही म्हणाले.

सलाइन चार बाटल्या. शरीरात पाणीच नव्हतं म्हणे.

आत्याला शुद्ध होती. मला बघून पहिलं काय विचारावं? साहेब आलं का रं?

बाहेर जाऊन रडलो. किल्ली खिशातच होती.

२३ नोव्हेंबर, रविवार. शेळगाव.

आत्याला काल घरी आणलं. जळोचीला चल म्हणालो, तर न्हाय म्हणाली. मग रोहिणीनं माझीच बॅग भरून दिली. ती जेवण घेऊन दुपारी येणार.

पलंग बाहेरच्या खोलीत, जिन्याला लागून. प्रगतीनं देव खाली आणून आत्याच्या उशाशी मांडलेत. मी म्हणालो, तात्यांचा कायदा? आत्या म्हणाली, त्यांला काय सांगायचं ते मी गेल्यावर सांगीन.

सकाळी तिनं हाक मारली. प्रगती रानात गेलेली, रोहिणी यायची होती. म्हणजे मीच. मी घोटाळलो. आत्या म्हणाली, पाचवीत जुलाब लागलं व्हतं तवा तुझं कोन धूत व्हतं, साहेब? भांडं दिलं आणि तोंड फिरवून देवांकडं बघत उभा राहिलो.

कुलूप आधीच काढून ठेवलं होतं. फीत विसरलो होतो. दोन्ही हातांत भांडं. कोपरानं ढकलली, तुटेना. चांगल्यातली ना. शेवटी वाकून दातानं गाठ सोडवली. आत जाताना कपाळ आपटलं. भांडं सांडू दिलं नाही. ओतलं, पाणी सोडलं. झर्रकन गेलं. उतार अगदी बरोबर निघालाय.

आत्यानं पलंगावरनं विचारलं, जातंय का रं पानी? जातंय म्हणालो. चांगलं झालं म्हणाली.

दहा वाजता सूरजचा फोन. शेळगावला आचारसंहिता लागत नाही असं आता साहेबांना कळलंय, चार वाजता अर्धा तास मोकळे आहेत. मी म्हणालो, उद्घाटन झालं. कुणाच्या हस्ते, विचारलं. फोन ठेवला.

चार वाजता आत्यानं चहा मागितला. पूर्ण कप. वर तांब्याभर पाणी प्याली, गटागटा, एका दमात. तोंड पुसून म्हणाली, किती दिसानं पोटभर प्याले.

मला फार बरं वाटलं. भांडं धुऊन पलंगाखाली ठेवलंय. ती परत कधी हाक मारेल त्याची वाट बघत बसलोय.