कोयत्यावरचं कुंकू

प्रिय रुद्रेश,

आई परवा कळंब्याच्या जेलमधून तुला भेटून आली ती तुझा निरोप घेऊनच. बारावीची परीक्षा तू आतून देतोयस आणि इंग्रजी व्याकरण काही डोक्यात शिरत नाही. "शाहूपुरीत दुनियेच्या पोरांना शिकवतीस, मग भावाला लिहून दे की," म्हणून माझ्या मागेच लागली. तर घे, शिकवते.

नाउन म्हणजे नाम. माणूस, जागा, वस्तू. रुद्रेश, ऋतुराज, कोयता, सगळे नाउन. व्हर्ब म्हणजे क्रियापद, कुणी काय केलं ते. क्लासात मी खाणं, धावणं सांगते. तुला मारणं, तोडणं लवकर समजेल. लहानपणी वेणी धरून मला उंबऱ्यावर आपटलंस, तेव्हा सगळे म्हणाले, पोरगं तापट आहे. तापट हे ॲडजेक्टिव्ह, म्हणजे विशेषण. आपल्या घरात ते कौतुकानं वापरायचे.

प्रोनाउन म्हणजे सर्वनाम, नावाऐवजी येणारा शब्द. ऋतुराजला आई आता नुसतं 'तो' म्हणते. त्याचं नाव काढलं की ताट ढकलते. माझ्याबरोबर क्लास चालवणारा, मुलं चुकली तरी आवाज न चढवणारा माणूस होता तो. आपल्या जातीचा नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा.

आता पास्ट टेन्स, भूतकाळ. खंडेनवमीला मी पाटावर आजोबांचा कोयता मांडला, शेजारी व्याकरणाचं पुस्तक. दोन्हींना हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, हे तुलाही माहीत होतं. ऋतुराज आईकडे मला मागणी घालायला आला, चप्पल काढून बाहेरच्या सोप्यात बसला, आणि तू पाटावरचा कोयता उचललास. पहिला घाव खांद्यावर, दुसरा मानेत. मी मध्ये पडले तर पोटात लाथ घातलीस. त्याचं रक्त माझ्या तोंडात गेलं. अजून घास घेताना ती चव येते रे, मेल्या.

पोलीस यायच्या आत आईनं कोयता धुऊन काढला. पुरावा लपवायला नव्हे, "देवाम्होरची वस्तू इटाळली," म्हणून. झालं, कुंकू गेलं आणि तुझ्या वकिलाला गोष्ट रचायला जागा मिळाली. कोयता ऋतुराजनंच आणला, तुझ्यावर उगारला, तू हिसकावून घेतलास, असं आई कोर्टात सांगून आली. पुढच्या सोमवारी माझी साक्ष आहे आणि मीही तेच बोलावं म्हणून ती रोज माझे पाय धरते.

हे पत्र तिच्या हाती देणार नाही, टपालानं पाठवते. जेलमधले साहेब आधी वाचतील, वाचू देत. तुला कडेवर घेऊन वाढवलंय मी, माझा जीव अजून तुटतो तुझ्यासाठी, म्हणून कोर्टात अचानक ऐकायला लागू नये एवढ्यासाठी लिहिलं. कोयता आपला होता. त्यावर कुंकू मी माझ्या बोटानं लावलं होतं. सोमवारी तुझ्यासमोर उभी राहून मी एवढंच सांगणार आहे.

तुझीच,
सौंदर्याअक्का