आण्णांच्या रक्तातला जंतू

१२ जानेवारी, शिरवळ
जमलं! ब्रुसेला जंतूतला तो एक जीन काढला आणि जंतू अगदी गरीब झाला. उंदराच्या पेशीत शिरतो, पण टिकत नाही— मरतो. माझ्या गाइड संयोगिता मॅडम सहसा हसत नाहीत. आज हसल्या! "ब्राह्मी, याचा सगळा दुष्टपणा त्या एका जीनमध्ये होता बघ." प्रबंधाचं पहिलं वाक्य मिळालं.

१९ जानेवारी
आईचा फोन. दुधगावला आण्णांना पुन्हा ताप. संध्याकाळी चढतो, पहाटे घामानं अंथरूण भिजतं. कंबर धरलीय. डॉक्टर म्हणतात टायफॉइड. दिवाळीपासून टायफॉइडच! "विश्रांती घ्यायला सांग," मी म्हणाले आणि घाईनं फोन ठेवला. सेमिनार होता. विषय— जनावरांकडून माणसांना होणारा ब्रुसेला.

२५ जानेवारी, दुधगाव
आण्णा निम्मे झालेत. चहा देता देता आई सहज म्हणाली, "दसऱ्याला म्हैस गाभडली, तवापासनं घरात काय ना काय चाललंयच."
मी कप खाली ठेवला. गर्भ पडल्यावर वार कुणी काढली?
"कोण काढणार? मीच," आण्णा म्हणाले. "अडकली हुती. वडली हातानं."
हातमोजे न घालता?
"म्हशीला मोजं घालून हात लावायचा व्हय!"
मला का नाही कळवलं?
"तू लॅबवाली. म्हशीतलं तुला काय सांगायचं?"
जनावरांची डॉक्टर मी!

२८ जानेवारी
आण्णांच्या रक्तात ब्रुसेला. म्हशीच्याही. आण्णांना पटेना. "म्हशीचा आजार मला कसा हुईल? आमी कांदासुद्धा खात न्हाई!" मग जीनबद्दल सांगितलं— पेशीत कसा लपतो, औषधाला कसा चुकवतो. नीट ऐकून म्हणाले, "म्हंजे जंतूची चूक न्हाई. जीनची हाय." व्हय आण्णा.
सहा आठवडे गोळ्या.
त्यांच्या रक्तातला जंतू वेगळा काढून त्याचे जीन वाचायला द्यायचं ठरलं. मॅडम फोनवर म्हणाल्या, त्या जीनचा याहून चांगला पुरावा कुठे मिळणार? मला आनंद झाला. मग लाज वाटली. मग पुन्हा आनंद झाला.

२ फेब्रुवारी
म्हशीला गिऱ्हाईक आलं. आण्णा अंगात ताप घेऊन अंगणात आले. "आजारी हाय. दुसऱ्याच्या दावणीला आजार बांधू व्हय?" गिऱ्हाईक गेलं. म्हशीला मळ्यात वेगळं छप्पर. दूध कुणीच प्यायचं नाही. आई पुटपुटली, "मानसाला येक खोली न्हाई, म्हशीला बंगला!"

१९ फेब्रुवारी, शिरवळ
प्रबंधाची दोन प्रकरणं झाली. शब्द भराभर सुचतायत. आण्णांचा ताप उतरतोय. दोन्हीकडं बरं चाललंय!

११ मार्च
गोळ्या संपल्या. आण्णा उसातून चालून आले आणि फोनवर ओरडले, "हरवलं बघ तुझ्या जीनला!" मी टाळ्या वाजवल्या. अख्ख्या लॅबनं वाजवल्या.

१४ मार्च
आण्णांच्या जंतूचे जीन वाचून झाले. मॅडमनी पुन्हा तपासायला लावले. पुन्हा तेच. माझा जीन, प्रबंधाच्या पहिल्या वाक्यातला, त्यात नाही. मुळातच नाही.
मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. मग म्हणाल्या, "मग तुझ्या वडिलांना पाडलं कुणी?"