आईला सांगायचं नाही

सोमवार, ३ मार्च

वही आणली. कशाला आणली तेच कळत नाहीये. बबडी फोनवर म्हणाली — "बाबा, जे मला रोज सांगता ना, ते आता वहीत लिहीत जा. मन हलकं होतं." चौतीस वर्षांची पोर बापाला गृहपाठ देते! आईवर गेली आहे. आई शाळेत तिसरीला शिकवते आणि घरी मला.

पण माझं मन हलकं करून काय होणार? आजारी मी नाही. आजारी ही आहे, आणि तिला ते माहीतच नाही. हे एक वाक्य कुठेतरी लिहायला हवंच होतं, नाहीतर तोंडातून बाहेर पडलं असतं.

झालं असं की मागच्या महिन्यात आम्ही दोघं बबडीकडे राहायला गेलो होतो. तिने आम्हाला तिच्या डॉक्टरांकडे नेऊन सगळ्या तपासण्या करवल्या. रिपोर्ट तिच्याच फोनवर आले. काल तिने मला दुकानात फोन करून एकटं गाठलं. आईचं हृदय जरा नाजूक झालंय म्हणाली. घाबरण्यासारखं नाही, पण ताण अजिबात चालणार नाही. वाद नको, चढा आवाज नको. चालणं, मीठ कमी, झोप वेळेवर, संध्याकाळी पाय कोमट पाण्यात. "तुम्हीही सगळं तिच्याबरोबर करा. आणि आईला सांगायचं नाही हं, बाबा. धसका घेईल."

त्यानंतर एका लग्नाच्या फोटोची काच कापायला घेतली. तिरकी गेली. दुसरी घेतली, तीही तिरकी. फोटो फ्रेम करण्यात हयात गेली माझी. शेवटी दुकान बंद करून घरी आलो आणि हिच्याकडे नुसता बघत बसलो. "काय झालं?" म्हणाली. काही नाही म्हणालो.

मंगळवार, ४ मार्च

हिने पंखा पाचवर ठेवला. मला थंडी वाजते हे तिला लग्नापासून माहीत आहे. जीभ चावली. शाल घेतली.

गुरुवार, ६ मार्च

आज पहिल्यांदा दोघं चालायला गेलो. बागेला फेरी मारायची ठरली. हिला दम लागू नये म्हणून मी अगदी हळू चालत होतो. गंमत म्हणजे ही माझ्याहून हळू! एरवी शाळेची घंटा चुकेल म्हणून धावत सुटणारी बाई. म्हणजे खरंच इतकं झालंय? मी आणखी हळू झालो. मग तीही आणखी हळू. काठी टेकत जाणारे एक आजोबा आम्हाला मागे टाकून गेले आणि वळून बघत राहिले.

घरी आल्यावर पाय पाण्यात घातले. एकाच टबात चार पाय. टब एकच आहे. हिच्या पायाला पाय लागला की पूर्वी "सरका" म्हणायची. आज नाही म्हणाली.

शनिवार, ८ मार्च

बबडीला फोन केला. आणि काय बोलावं तेच सुचेना!

रोजचा रिवाज असा की दुकानाचं शटर ओढण्याआधी मी तिला फोन करायचा आणि हिच्या तक्रारी सांगायच्या. पंखा, टीव्हीचा आवाज, माझ्या भावाला टाकलेला टोमणा. मग मी घरी पोचायच्या आत हिचाही फोन झालेला असायचा, त्यात माझ्या तक्रारी. न्यायाधीश एकच. दोघांचं ऐकून घ्यायची, दोघांना समजवायची. कधी कधी रडायचीसुद्धा. हळवी आहे.

आता हिच्याबद्दल काय तक्रार करू? आजारी माणसाची तक्रार करतं का कोणी? "बरं आहे सगळं," म्हणालो. "बाकी काही नाही ना बाबा?" तिने दोनदा विचारलं. नाही म्हटल्यावर केवढा मोठा श्वास सोडला तिने.

रविवार, ९ मार्च

दुपारी ही झोपली होती. इतकी शांत की मला शंका आली. उठून तिच्या नाकापुढे हात धरला. तेवढ्यात डोळे उघडले.

"अहो, काय करताय?"

"माशी होती," म्हणालो.

बुधवार, १२ मार्च

बबडीने श्वासाचा व्यायाम सांगितला आहे. आत घ्यायचा आणि दुप्पट वेळ सोडायचा. माझी पंचाईत ही की काच कापताना मी श्वास धरतो. उस्तादांनी तसंच शिकवलं होतं, की श्वास हलला तर हिरा हलला. हिरा म्हणजे काच कापायच्या लेखणीचं टोक, उगाच कोणी चोरायला येऊ नये. आज मुद्दाम श्वास सोडत सोडत रेघ मारली. सरळ गेली! इतकी वर्षं मी उगाच गुदमरत होतो की काय? काही कळत नाही.

आणखी एक कळत नाही. मला बरं वाटतंय. मान दुखायची थांबली. झोप लागते. पण बरं वाटायचं होतं हिला! औषध एकाला आणि गुण दुसऱ्याला, असं कसं?

शनिवार, १५ मार्च

भाजीत मीठच नव्हतं. मी तिच्या नकळत कमी घालतो, पण घालतो तरी. भाजी आज मी केली. म्हणजे मी घातलेलं मीठ गेलं कुठे?

मग आठवलं — मी काकडी चिरत होतो तेव्हा ही माझी वाटी घेऊन नळाखाली काहीतरी करत होती. भाजी धूत होती?

विचारलं नाही. वाद नको.

रविवार, १६ मार्च

दुपारी डोळा लागला होता. नाकाजवळ काहीतरी जाणवलं म्हणून जागा झालो. हिचा हात.

"काय करतेस?"

"माशी होती," म्हणाली. नजर चुकवून.

सोमवार, १७ मार्च

घरात माश्या नाहीत. खिडकीला जाळी आहे. मीच बसवली आहे.

म्हणजे आजारी मी आहे. उघड आहे! हळू चालणं, धुतलेली भाजी, पंखा आता दोनवर. ही माझ्याशी भांडत नाही ती बरी वागते म्हणून नाही, मी चाललोय म्हणून. बबडीने उलटंच सांगितलं, कारण स्वतःसाठी मी एक पाऊलही चाललो नसतो हे तिला माहीत आहे. हिच्यासाठी चालेन हेही माहीत आहे. हुशार पोर.

दुकानात आरशासमोर जीभ काढून बघितली. जिभेवरून हृदयाचं काय कळणार? मग मनात आलं, माझ्या फोटोला फ्रेमची पट्टी कोणती लावतील? मी नसताना ही नक्की सोनेरी नक्षीवाली निवडेल. मला ती अजिबात आवडत नाही. साधी काळी हवी. पण हे सांगणार कसं?

फार भीती वाटली. खोटं कशाला लिहू.

बुधवार, १९ मार्च

बबडीला सरळ विचारलं, मला काय झालंय? "तुम्ही ठणठणीत आहात, बाबा." मग आईला काय झालंय? "आईलाही... सांभाळा म्हणजे झालं. भांडला नाहीत ना?" नाही म्हणालो. "मग बस," म्हणाली आणि फोन ठेवला. आवाजात काहीतरी होतं. काय, ते सांगता येत नाही.

शनिवार, २२ मार्च

काळ्या पट्टीचा एक तुकडा घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, ही बघून ठेव, माझ्या फोटोला हीच. सोनेरी लावलीस तर बघ.

ही पट्टीकडे बघत राहिली. मग चेहरा वेडावाकडा झाला आणि शाळेतली बाई माझ्यासमोर हुंदके द्यायला लागली. "तुम्हाला कोणी सांगितलं? मी बबडीला शब्द दिला होता, बाबांना सांगणार नाही म्हणून!"

"काय सांगणार नाही?"

"तुमच्या हृदयाचं."

"माझ्या? अगं, नाजूक हृदय तुझं आहे!"

तिने डोळे पुसले आणि एकेक विचारलं, तिसरीच्या मुलाला विचारतात तसं. फोन कधी आला? नक्की काय म्हणाली? शब्द न् शब्द तोच निघाला. वाद नको तेच, ताण चालणार नाही तेच, धसका घेईल तेच. फक्त माणूस बदललेला.

आधी ही हसली. मग मी. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. पण मग आजारी कोण? दोघं? कोणीच नाही?

सोमवार, २४ मार्च

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. हृदयाचा ईसीजी काढला, रक्त दिलं. माझी दाढ सोडली तर दोघांनाही काही नाही.

जिवात जीव आला आणि लगेच संताप. ही म्हणते, आपण भांडू नये म्हणून पोरीने हा खेळ केला. असेल. पण आठवडाभर मी स्वतःच्या फोटोची पट्टी निवडत होतो! हिने तर माझ्या पश्चात दुकान कोणाला द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं. (कोणाला ते सांगत नाही.) आईबापाशी इतकं मोठं खोटं? आणि इतक्या लांब बसून तिला काय फरक पडतो आम्ही भांडलो तर?

शनिवारी न कळवता जायचं ठरलं. चांगली खरडपट्टी काढायची. ही म्हणाली, मी सुरुवात करते. मी म्हणालो, नाही, मी. त्यावरून पुष्कळ दिवसांनी भांडलो. बरं वाटलं.

शनिवार, २९ मार्च

दार जावयाने उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. आत बबडी खुर्चीत डोळे मिटून बसली होती. पाय कोमट पाण्याच्या टबात, दंडाला रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा. श्वास आत. मग सावकाश बाहेर.

डिसेंबरपासून रक्तदाब वाढलाय, जावई कुजबुजला. गोळ्यांनीही उतरत नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, ताण कशाचा? नोकरीचा नाही म्हणाली. रोज संध्याकाळी दोन फोन येतात, म्हणाली. "तुम्हाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती. धसका घ्याल म्हणून. या महिन्यात पहिल्यांदा उतरलाय."

माझा हात कधी तिच्या नाकापुढे गेला ते मलाच कळलं नाही. तिने डोळे उघडले.

"बाबा? काय करताय?"

मी हात मागे घेतला.

"माशी होती," ही म्हणाली.