स्टेशनचं नाव: गाय व्याली

२ एप्रिल, सकाळी
या वहीत लिहायला तीन आठवडे उशीर झाला, त्याबद्दल वहीची माफी मागतो. मी सांभाळतो त्या गावच्या पाणी-स्टेशनवर यंत्र आलं आणि वेळच उरला नाही. आता नदीच्या पाण्याचा गढूळपणा ते स्वतः मोजतं. आकडा पाचच्या वर जाऊन दहा मिनिटं तिथेच राहिला, की अलार्म वाजतो, नदीकडचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो, आणि ओश शहरातल्या ऑफिसच्या पडद्यावर नि एका मोबाइलवर मेसेज जातो. मोबाइल माझा. बसवायला आलेली इंजिनिअर मेरीम म्हणाली, अता, याला हात लावू नका. (आमच्याकडे बापाला आणि वडीलधाऱ्यालाही अता म्हणतात.) मी म्हटलं, पोरी, तुझ्या जन्माआधीपासून मी हे पाणी जिभेवर ओळखतो. म्हणाली, मग जीभ तिकडे ठेवा आणि बोटंही तिकडेच ठेवा.
संकल्प: सेटिंग शिकायचं. सातवीपर्यंत शाळा झाली आहे, पुरे आहे.

५ एप्रिल
माझा नंबर काढला. मी यंत्राशेजारीच बसलेला असतो, मला कशाला मेसेज? त्या जागी मिरलानचा घातला. मिरलान माझा मुलगा. दीड वर्षापूर्वी रशियात येकातेरिनबुर्गला बांधकामावर गेला. जायच्या दिवशी पाहुण्यांसमोर मी म्हणालो होतो, की याला नळाचा वॉशर बसवता येत नाही, हा इमारती काय बांधणार. खरं तेच बोललो. तेव्हापासून त्याचा मला फोन नाही. फोनची मला पडलेली नाही. नंबर फक्त तांत्रिक कारणासाठी घातला. तंत्रशाळेत शिकलाय, तिथून सल्ला देईल.
बुरुलला, म्हणजे माझ्या बायकोला, पोराची काळजी म्हणून दिसत नाही. आई असून इतकी निवांत.

९ एप्रिल
चार दिवसांत एकही अलार्म नाही. पाच ही मर्यादा फार ढिली. मेरीम अजून लहान आहे. मर्यादा दोनवर आणली. दहा मिनिटं वाट कशाची बघायची? तिथे शून्य घातलं.
दुपारपर्यंत तीन अलार्म. यंत्र आता कुठे कामाला लागलं.

११ एप्रिल
यंत्राच्या पडद्यावर उत्तर आलं: तुम्ही कोण?
चूक माझी. मेसेज स्टेशनच्या नावाने जातो. ‘स्टेशन सात’वरून त्याला काय कळणार? शोधल्यावर कळलं, की नाव बदलता येतं. सोळा अक्षरं, रशियनमध्ये. नाव केलं: आई बरी आहे. मर्यादा एक केली, म्हणजे लवकर जाईल.
दोन तासांत उत्तर: देवाची कृपा. पण तुम्ही कोण?
मिरलानने जन्मात देवाचं नाव घेतलं नव्हतं. परदेशात सुधारला. ओळख न दाखवण्याचा हट्ट मात्र माझाच उचललाय.

१४ एप्रिल
शेजारची उल्कान डोक्याला साबण लावलेली, तशीच आली. म्हणाली, तुर्गुनआके, तुमच्या यंत्राला उचकी लागलीय का? दर अर्ध्या तासाने नळ बंद. मी म्हटलं, दक्षता आहे ती. म्हणाली, दक्षता तुमच्या घरात ठेवा, मला पाणी द्या.
अलार्म वाजला की व्हॉल्व्ह मिटतो, ही अडचण. उपाय केला: व्हॉल्व्ह ऑटोमॅटिकवरून काढून हातावर घेतला. अलार्म वाजेल आणि नळही चालेल. हे बनवणाऱ्यांनाही सुचलं नसतं.

१९ एप्रिल
नाव: दात दुखतो. उत्तर: मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करा, दाढ असेल तर काढून टाका. किती मान देऊन लिहिलंय. गुळण्या केल्या. थांबला.
काल गाय व्याली, तेही कळवीन.

२४ एप्रिल
मेरीमचा फोन. म्हणाली, अता, माझ्या पडद्यावर चोवीस स्टेशनं आहेत. तेवीस गावं आहेत आणि एक ‘गाय व्याली’ आहे. तुमची का? मी म्हटलं, गाय माझीच. म्हणाली, अभिनंदन. आता गावाचं नाव परत घाला. घाईच्या वेळी ड्युटीवरचा माणूस गाव शोधेल, गाय नाही. मर्यादा किती आहे, असंही विचारलं. पाच, म्हटलं.
नाव परत घातलं. चार दिवस ठेवीन.
(ठेवलं दीड दिवस. आता नाव: जेवलास का.)

४ मे, संध्याकाळी सहा
पलीकडच्या गावी पुतणीचं लग्न होतं. स्वयंचलित यंत्र असताना मी राखण काय करायची? सकाळीच गेलो. वर डोंगरात पाऊस झाला, अकराला चिखलाचा लोंढा नदीत उतरला. गढूळपणा नव्वद. व्हॉल्व्ह हातावर होता, आणि हात पलीकडच्या गावी लग्नाचं बेशबर्माक, मटण-शेवया, खात होता.
ओशला ड्युटीवर नवीन माणूस होता. त्याने पडद्यावर ‘जेवलास का: ९०’ वाचलं, हसला आणि जेवायला गेला.
पाच तास गावाने चिखल प्यायला.

६ मे
एकोणीस जण आजारी. उल्कानची दोन्ही नातवंडं ओशच्या दवाखान्यात, सलाईनवर. ती माझ्या दारावरून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.
मेरीम दोन साहेबांना घेऊन आली. यंत्रात आलेले मेसेज तिने मोठ्याने वाचले. चार तारखेचे सात होते. आज नव्वद का? रोज एक-दोन असतो. कोणाला तरी सांगा. शेवटचा असा: मी झिनाइदा पावलोव्ना, निवृत्त नर्स. तुम्हाला ओळखत नाही, पण हे पाणी कोणी पिऊ नका.
त्या बाईने यंत्राला फोन केले. यंत्र फोन उचलत नाही. मग कुठून कुठून विचारत तीनला ओशचं ऑफिस फोनवर गाठलं. गाव माहीत नव्हतं. गाय व्याली आहे आणि म्हाताऱ्याचा दात दुखतो, एवढंच तिला सांगता आलं. त्यावरून मेरीमने ओळखलं, गाडी काढली आणि चारला व्हॉल्व्ह बंद केला.
मी साहेबांना म्हटलं, म्हणजे नाव बदललेलं उपयोगी पडलं. साहेबांनी लिहून घेणं थांबवलं. मेरीम म्हणाली, अता, आता बोलू नका.

६ मे, जेवणानंतर
बुरुलला विचारलं, मिरलानचा नंबर बाईकडे कसा? ती म्हणाली, अहो, त्याने तो सोडून वर्ष झालं, कंपनीने दुसऱ्या कोणाला दिला असेल. तुला कसं माहीत? दर रविवारी बोलतो ना. मला का नाही सांगितलं? म्हणाली, अतांना देऊ नको म्हणालाय. मग तिने माझी चहाची वाटी काठोकाठ भरली. आमच्याकडे पाहुण्याने उठावं म्हणून अशी भरतात. बहुधा तिचं लक्ष नसेल.

२१ मे
किल्ल्या दिल्या. नव्या ऑपरेटरने मर्यादा पाच केली, वाट दहा मिनिटं, नाव गावाचं. मीही शेवटी तेच करणार होतो. उल्कानची नातवंडं घरी आली. मी लोणी घेऊन गेलो. तिने दारातूनच परत पाठवलं.
रविवारी बुरुलने मिरलानला विचारलं, अतांना तुझा नंबर देऊ का. तो म्हणाला, बघू.
माझ्या मोबाइलमधून मेसेज लिहिला आहे, तो इथे उतरवून ठेवतो:
झिनाइदा पावलोव्ना, मी स्टेशन सातचा तुर्गुन. पाणी आता स्वच्छ आहे, त्यामुळे तिकडून तुम्हाला काही येणार नाही. वाट बघत बसू नका. वासरू चांगलं आहे. तुमच्याकडे थंडी गेली का, तुमची तब्येत कशी आहे, कळवा. दोन शब्द चालतील. पण लवकर कळवा.