मैत्रिणीच्या घरी, कुत्र्यासकट

आई,

तू गेल्यानंतर आमच्या घरात कुत्रा आला. तुला अजिबात आवडलं नसतं. काळा लॅब्रेडॉर आहे, अंगात लाल जॅकेट, आणि तो लाडाचा नाही, कामाचा आहे. तू तुझ्या नातीला पाहिलंस ते पाळण्यात, त्यामुळे तुला माहीत नाही, तिलाही फिट येतात, मला लहानपणी यायच्या तशाच. नजर एका जागी थिजते, हातातलं गळून पडतं, आणि थोड्या वेळानं पुन्हा सगळं सुरळीत. एरवी ती इतकी ठणठणीत दिसते की हिला कुत्रा कशाला, असं दुकानात लोक विचारतात. फिट आली की कुत्र्यानं तिला टेकून बसायचं आणि जवळ कुणी नसेल तर भुंकून माणूस बोलवायचं, असं त्याला शिकवलंय.

माझ्या वेळी हे काम तू एकटी करायचीस. मी स्वयंपाकघरात पडले की कांदा फोडून नाकाशी धरायचीस, आणि शुद्ध आली की आधी खिडकी लावून घ्यायचीस. कुणी विचारलं तर अशक्तपणा म्हणायचं, असं तू बजावलं होतंस. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीलाही मी दहावीपर्यंत तेच सांगत राहिले. ती बिचारी माझ्यासाठी घरून खजूर आणायची. तुला माझ्या लग्नाची काळजी होती, ते मला कळतं. तरी अधूनमधून तुझा राग येतो.

मागच्या महिन्यात इथे अमेरिकेत, आमच्या फ्रीमाँटमध्येच लेकीच्या मैत्रिणीकडे सत्यनारायण होता. तिला ही एकच मैत्रीण, तीही फार उशिरा मिळालेली, म्हणून मी जरा धास्तावूनच गेले. मैत्रिणीची आजी नागपूरहून आली आहे. पूजा होईपर्यंत कुत्र्याला गॅरेजमध्ये ठेवा, असं त्यांनी अगदी गोड शब्दांत सांगितलं. लेक म्हणाली, मग मीही तिथेच बसते. झालं, आता पुन्हा बोलावणं येत नाही, असं मला वाटलं. तेवढ्यात परकर-पोलक्यातली ती मैत्रीण दोन घडीच्या खुर्च्या उचलून तिच्यामागे चालती झाली. मैत्रिणीची आई ओशाळली. गुरुजींनी पुढचा अध्याय सुरू केला.

आरती झाल्यावर आजी प्रसाद घेऊन गॅरेजकडे निघाल्या, मी त्यांच्या मागोमाग. कुत्रा लेकीच्या पायांना टेकून बसला होता आणि तिची नजर थिजलेली होती. मैत्रीण एका हातानं तिचा हात धरून दुसऱ्या हातातल्या फोनवर वेळ बघत होती. आजींनी कांदा आणायला घरात हाक मारली.

मैत्रीण मान न वळवता म्हणाली, "आजी, नको. तिला काही द्यायचं नाही. जस्ट वेट."

मग आम्ही दोघी मोठ्या बायका मुकाट्यानं उभ्या राहिलो. लेक भानावर आली, तेव्हा आजींनी मला विचारलं, काय होतं हिला? अशक्तपणा हा शब्द माझ्या तोंडात तयार होता.

लेक आधी बोलली, मैत्रिणीकडे बोट दाखवत. "आय हॅव एपिलेप्सी, आजी. इट्स ओके. शी नोज."

प्रसाद चालतो का, एवढंच आजींनी विचारलं. चालतो म्हटल्यावर दोघींच्या हातावर शिरा ठेवला. पोरी तिथेच बसून खात राहिल्या, खिदळत. पुढच्या शनिवारी राहायला ये, असं मैत्रिणीनं सांगितलं. कुत्रा कुठे झोपणार हेही त्यांनी आपसांत ठरवून टाकलं.

घरी येताना मी गाडी चालवत होते आणि लेक मागे कुत्र्याच्या अंगावर रेलून झोपली होती. मला आनंद झाला, आई, खूप झाला. पण त्याच्याही आधी मला तिचा हेवा वाटला, माझ्या नऊ वर्षांच्या पोरीचा. तू असतीस, तर हे पत्र मी तुला पाठवलं नसतं.